कॅज्युअल आर्केड मोबाईल गेम : बाजारातील चलती

एका अंगठ्याने खेळता येणारा, शिकायला मिनिटभरही न लागणारा आणि दोन-तीन मिनिटांत डाव आटोपणारा मोबाईल खेळ. पळणे, उडी मारणे, फळे कापणे, नेम धरणे, बस्स. नोकियाच्या फोनवरचा ‘स्नेक’ (१९९७) त्याचा पूर्वज; बाजार मात्र २००८ साली ॲपलचे ॲप स्टोअर उघडल्यावर उभा राहिला. ‘अँग्री बर्ड्‌स’ (२००९) आणि ‘फ्रूट निंजा’ (२०१०) सुरुवातीला आयफोनवर विकत घ्यावे लागत. ‘टेम्पल रन’ही (२०११) आधी विकतच होता, तो फुकट केला आणि खेळातली नाणी विकून कमाई उलट वाढली. या धंद्याची रीत तिथून पालटली. ‘सबवे सर्फर्स’ (२०१२) २०१८ मध्ये प्ले स्टोअरवर एक अब्ज डाउनलोड गाठणारा पहिला खेळ ठरला.

तरी डाउनलोडचा आकडा म्हणजे गल्ला नव्हे. धंद्यातले लोक आधी पाहतात ते ‘रिटेन्शन’ : आज आलेल्यांपैकी उद्या किती परतले, सातव्या दिवशी किती उरले, तिसाव्या दिवशी किती. मग एक खेळाडू ओढून आणायला जाहिरातीवर किती गेले आणि तो सोडून जाईपर्यंत त्याच्यापासून किती मिळाले, ही वजाबाकी. ती उणे आली की लाखो डाउनलोड असूनही खेळ बुडतो. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने वापरकर्त्याची परवानगी घेतल्याशिवाय इतर ॲप आणि संकेतस्थळांवर त्याचा माग काढायला ॲपना बंदी केली. स्वस्तात नेमका खेळाडू शोधून देणाऱ्या जाहिरातींवर जगणारे सर्वांत हलके खेळ त्यात चांगलेच पोळले.

‘फ्लॅपी बर्ड’ या हिशेबात बसत नाही. व्हिएतनामच्या दोंग न्यूयेन यांनी तो एकट्याने केला. २०१३ मध्ये आला, कित्येक महिने पडून राहिला, २०१४ च्या जानेवारीत जगभर पेटला. जाहिरातींतून रोज सुमारे ५० हजार डॉलर मिळत असल्याचे तेव्हा छापून आले होते. खेळाचे लोकांना व्यसन लागते आहे, हे सहन न होऊन न्यूयेन यांनी फेब्रुवारीत तो स्वतःच काढून घेतला. चालता गल्ला असा बंद करायला मोठे मन लागते.

२०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि भारत डाउनलोडमध्ये पहिल्या रांगेत आला; कमाईत तो अजून बराच मागे आहे. कारण नागपूर मेट्रोत दिसते. लोकमान्य नगरहून सीताबर्डीला निघालेली कॉलेजची मुलगी सुभाष नगर येईस्तोवर मोबाईलवरच्या खेळात तीनदा आपटते. डाव पुढे चालू ठेवायला पडद्यावर दोन बटणे येतात : नाणी मोजा, नाहीतर जाहिरात पाहा. ती जाहिरातच निवडते, सेकंद संपेपर्यंत खिडकीबाहेर बघते आणि कोपऱ्यात फुली उमटताच नेमकी दाबते. तिने पैसे दिले नाहीत, वेळ दिला. पण भारतातल्या हजार नजरांना जाहिरातदार अमेरिकेच्या मानाने फारच थोडे मोजतो.

उन्हाळ्यात तर तेही हाती लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, दुपारी गल्ल्या ओस पडतात, आणि कूलरसमोर लोळणारे पोट्टे डेटा बंद करून खेळतात. नेट नाही तर जाहिरात नाही, आणि खेळ बनवणाऱ्या स्टुडिओला दमडी नाही. म्हणूनच आता बरेच खेळ नेट चालू केल्याशिवाय सुरूच होत नाहीत.