वखवखीवरचं औषध

दर रविवारी सकाळी, चहा टाकायच्या आधी, माझी मावशी फ्रिजमधून एक पेन काढते. शाईचं नव्हे, सेमाग्लुटाइड नावाच्या वजन उतरवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनचं. ओट्यापाशी उभी राहून त्यावर नवी सुई बसवते, मागची चकती फिरवून डोस लावते, बेंबीपासून चार बोटं लांब पोटाची चिमूट धरते आणि टोचते. मनात सहापर्यंत आकडे मोजून सुई काढते. एक मिनिटाचं काम. गेल्या चौदा महिन्यांत तिचं वजन 96 किलोवरून 83 वर आलंय. पण वजन किती उतरलं हे सांगण्याआधी ती दुसरंच काही सांगते. "अगं, भूक लागते मला. जेवते पण. फक्त ती वखवख गेली."

'वखवख' हा शब्द आपल्याकडे किती पूर्वीपासून आहे! पोट भरलेलं असतानाही डब्याकडे जाणारा हात, दुपारी चार वाजता डोक्यात सुरू होणारी फरसाणाची भुणभुण, हे सगळं त्या एका शब्दात येतं. आपली चूक एवढीच, की आपण ती स्वभावात जमा केली. मावशीनं चाळीस वर्षं "तोंडावर जरा ताबा ठेव" हेच ऐकलं. लग्नकार्यात तिच्या ताटाकडे लोक वळून बघायचे. सात दिवसांची डाएटं, लिंबू-मध, रात्रीचं जेवण बंद, सगळं करून झालं. दर वेळी पाच-सहा किलो उतरले आणि वर्षभरात परत आले. ती वखवख कुठून येते आणि कशानं शमते, हे आता बऱ्यापैकी कळलंय. त्याचा मोठा भाग शरीराच्या रसायनशास्त्रात आहे.

आपण जेवलो की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी 'जीएलपी-1' नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. त्याची कामं अनेक. साखर वाढलेली असेल तर ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जठरातलं अन्न पुढे सरकायचा वेग कमी करतं आणि मेंदूला 'पुरे' असा निरोप देतं. अडचण एकच. हे संप्रेरक रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं, कारण एक विकर, म्हणजे एन्झाइम, लगेच त्याचे तुकडे करतं. म्हणजे बाटलीत भरून ते औषध म्हणून देण्यात काहीच अर्थ नव्हता.

वाट सापडली ती अमेरिकेतल्या वाळवंटात राहणाऱ्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्स भागात, माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. जॉन एंग यांना 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या विषात एक रेणू सापडला. तो आपल्या जीएलपी-1 सारखाच, पण विकराला सहजासहजी दाद न देणारा. त्यावरून बनलेलं एक्सेनाटाइड 2005 मध्ये मधुमेहाचं औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झालं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे.

पुढचं पाऊल डेन्मार्कमध्ये पडलं. लोटे ब्येर क्नुडसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी जीएलपी-1 च्या रेणूलाच स्निग्धाम्लाची एक शेपटी जोडली. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसते आणि त्याच्या आडोशानं औषध टिकून राहतं. असं लिराग्लुटाइड आलं, रोज एकदा टोचायचं. मग रेणूत आणखी फेरफार करून सेमाग्लुटाइड आलं, आठवड्यातून एकदा. दोन मिनिटांचं आयुष्य आठवड्यावर गेलं! मावशीच्या रविवारच्या सुईमागे एवढं सगळं आहे.

2021 मध्ये 1,961 जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधुमेह नसलेल्या, पण वजन जास्त असलेल्या या लोकांचं वजन सेमाग्लुटाइडनं 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के उतरलं. नुसता आहार-व्यायामाचा सल्ला आणि औषधाविना सुई मिळालेल्यांचं 2.4 टक्के. पुढच्याच वर्षी टिर्झेपाटाइडचे आकडे आले. हे औषध जीएलपी-1 बरोबर जीआयपी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं, आणि मोठ्या डोसवर 72 आठवड्यांत वजन सुमारे 21 टक्के उतरलं. शस्त्रक्रियेवाचून असे आकडे पूर्वी कुणी पाहिले नव्हते.

तरीही मला वजनकाट्यापेक्षा 2023 ची एक चाचणी महत्त्वाची वाटते. 41 देशांतले 17,604 लोक, सगळे 45 वर्षांच्या पुढचे, सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार, पण मधुमेह नाही. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू यांचं प्रमाण 20 टक्क्यांनी कमी निघालं. औषध न मिळालेल्या दर शंभरातल्या आठांवर असा प्रसंग आला, औषध मिळालेल्या शंभरातल्या साडेसहांवर. आणि हा फरक वजन पुरतं उतरायच्या आधीपासूनच दिसू लागला होता. म्हणजे चरबी घटण्यापलीकडेही हे औषध काहीतरी करतं; शरीरातला दाह ते कमी करतं, हे त्यातलं एक. टाइप-2 मधुमेहानं मूत्रपिंड बिघडलेल्यांनाही सेमाग्लुटाइडचा फायदा झाला, तर टिर्झेपाटाइडनं झोपेत श्वास अडकण्याचा त्रास उतरला.

वजनाच्या औषधांचा इतिहास आठवला तर या हृदयाच्या चाचणीचं मोल कळतं. 1997 मध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून काढावं लागलं, कारण त्यानं हृदयाच्या झडपा खराब होत होत्या. 2010 मध्ये सिब्युट्रामिनही हृदयाच्याच धोक्यामुळे गेलं. वजन उतरवणारं औषध हृदय सांभाळतं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

आता आपल्या शरीरांबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, 22.3, दोघंही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! बारीक हातपाय, पोटावर चरबी आणि स्नायू कमी, ही आपली ठेवण. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय 25 झाला की लठ्ठपणा धरतात, आणि कंबर पुरुषांची 90, बायकांची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली की डॉक्टर सावध होतात.

याच ठेवणीमुळे या औषधाची एक गोष्ट आपण जास्त मनावर घ्यायला हवी. वजन भराभर उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूंचाही वाटा जातो. सेमाग्लुटाइडच्या 2021 च्या चाचणीत काही जणांचं स्कॅन केलं, तर घटलेल्या वजनातला जवळपास 40 टक्के भाग चरबीचा नव्हता. ज्यांच्याकडे मुळात स्नायूंची शिल्लक कमी, त्यांना हे परवडणारं नाही. भूक कमी झाली की माणूस चहा-बिस्किटावर दिवस काढतो, आणि आपल्या ताटात प्रथिनं आधीच बेताची. डाळ, उसळ, दही, अंडी, मासे, जे चालत असेल ते आधी पोटात जायला हवं, पोळी-भात नंतर. आणि वजनं उचलायला हवीत, साठीतल्या बाईनंसुद्धा.

त्रासही होतो. मावशीला पहिले दोन महिने मळमळ होती, बद्धकोष्ठ होतं, दोनदा उलटी झाली. म्हणून तर डोस 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी हळूहळू वाढवतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर हे औषध घेत नाहीत. दिवस जाण्याचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवतात. टिर्झेपाटाइड भारतात मार्च 2025 मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये, आणि सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च 2026 मध्ये संपली. औषध स्वस्त झालं की ते अधिक घरांत पोचतं, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण लग्नाआधी चार किलो उतरवायला, कुणाच्या तरी ओळखीनं मिळालेलं पेन कृपा करून टोचून घेऊ नका.

कारण सुई थांबली की वखवख परत येते. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचं उतरलेलं वजन वर्षभरात दोन तृतीयांश परत आलं. लोक याला औषधाचं अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. रक्तदाबाची गोळी सोडली की दाब चढतो, तेव्हा आपण गोळीला दोष देत नाही आणि रोग्यालाही नाही. मावशीला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की हे बरीच वर्षं चालेल. खर्चाचा हिशेब मांडूनच ती तयार झाली.

परवा तिच्याकडे गेले तेव्हा तिनं उकडीचे मोदक केले होते. तिनं दोन खाल्ले, वर तूप घेऊन, चवीनं, आणि ताटली बाजूला सारली. मग आतून दोन-दोन किलोचे डंबेल्स आणून खुर्चीत बसली, आणि "तू मोज गं" म्हणाली.