घोरपडीचं पिल्लू घरी ठेवता येतं का? कायदा, नोंदणी, कागदपत्रं आणि पिंजऱ्याची तयारी

चिऱ्याच्या गडग्यात, काजूच्या बागेत, मांगराच्या मागच्या वारुळात सापडलेलं घोरपडीचं पिल्लू कोणत्याही परवान्यावर घरी पाळता येत नाही. त्यासाठी अर्जाचा नमुना नाही, फी नाही, आणि वनखात्यात ओळख असून उपयोग नाही. परदेशी जातीचा मॉनिटर सरडा, म्हणजे घोरपडीच्याच कुळातला परदेशी सरडा, मात्र कायदेशीर मार्गाने आलेला असेल तर नोंदणी करून ठेवता येतो. त्या नोंदणीची मुदत आणि कागदपत्रं ठरलेली आहेत. या दोन गोष्टींची गल्लत झाली की चांगल्या मनाची माणसंही गुन्ह्यात अडकतात, म्हणून आधी जात आणि मग अर्ज.

आधी जात ओळखा

आपल्या कोकणातली घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या पहिल्या यादीत आहे. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. भारतात घोरपडीच्या चार जाती आढळतात: आपली नेहमीची घोरपड, पाणघोरपड, पिवळी घोरपड आणि वाळवंटी घोरपड. चारही पहिल्या अनुसूचीत आहेत. कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फासात अडकवणं, सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं किंवा त्यांच्या घरट्याला धक्का लावणं हेसुद्धा शिकारच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड.

विक्रेते इथे एक फसवी गोष्ट सांगतात. पाणघोरपड परदेशात पाळीव म्हणून सर्रास विकली जाते. तिचे फोटो दाखवून ‘इंपोर्टेड आहे, पेपर आहेत’ असं सांगितलं जातं. पण जी जात भारताच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतही असली तरी तिला पहिल्या अनुसूचीचेच नियम लागतात. परदेशी कागद दाखवून ती पाळीव होत नाही. अंगावर पिवळे ठिपके असलेलं लांब शेपटीचं पिल्लू कोणी ‘सॅव्हाना आहे’ (म्हणजे आफ्रिकेतला मॉनिटर) म्हणून देऊ लागलं, तर फोटो काढून आधी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकाराला किंवा वनखात्याला दाखवा. पैसे त्यानंतर. पिल्लं लहान असताना फसगत सहज होते.

पिल्लू सापडलं असेल तर

झाडांच्या कलमांना मातीची भर घालताना, गडगा पाडताना किंवा जेसीबी लावल्यावर पिल्लं हाती लागतात. मुलं ती डब्यात घालून घरी आणतात, दूध-बिस्कीट पुढे ठेवतात. असं काही खायला घालू नका. दूध सरड्याला पचत नाही, आणि एका रात्रीच्या उपासाने पिल्लू मरत नाही. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत जुनं सुती फडकं, वर झाकण आणि शांत, सावलीची जागा एवढं पुरे. लगेच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या वनरक्षकाला, वनपालाला कळवा. रत्नागिरी जिल्ह्याचं वनविभागाचं मुख्य कार्यालय चिपळूणला, सिंधुदुर्गाचं सावंतवाडीला, तर रायगडची कार्यालयं अलिबाग आणि रोह्याला आहेत.

वन्यप्राणी ताब्यात आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं, हे कायद्यानेच सांगितलं आहे. दोन दिवस ठेवून मग बघू, या विचारात ही मुदत निघून जाते. कळवताना पिल्लू नेमकं कुठे सापडलं ते नीट सांगा: वाडीचं नाव, कोणाची बाग, ओहोळाच्या कोणत्या काठाला. सुदृढ पिल्लू त्याच भागात सोडलं तर त्याला ओळखीची जागा आणि बीळ मिळतं. गावापासून दूर नेऊन सोडणं म्हणजे त्याला परक्या मुलखात टाकणं.

घोरपडीचं मांस, तेल, आणि ‘हत्था जोडी’ नावाने विकला जाणारा तो सुकलेला जोड, तिन्ही बेकायदा आहेत. हत्था जोडी ही कसली मुळी नाही, नर घोरपडीचं जननेंद्रिय आहे. देवघरात ठेवलेली असेल तरी तो गुन्ह्याचाच पुरावा ठरतो.

परदेशी मॉनिटर: नोंदणीचा नियम

सगळ्या मॉनिटर जाती साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी आपल्या कायद्याची चौथी अनुसूची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. याचा सरळ अर्थ असा, की कायद्याच्या बाहेर राहणारा एकही मॉनिटर सरडा नाही. आफ्रिकेतला सॅव्हाना मॉनिटर पाळीव म्हणून सर्रास विकला जातो, म्हणून पुढची माहिती त्याच्या अनुषंगाने दिली आहे.

चौथ्या अनुसूचीतल्या जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम केंद्र सरकारने २८ फेब्रुवारी २०२४ ला काढले. तोपर्यंत ज्यांच्याकडे असे प्राणी होते त्यांना २८ ऑगस्ट २०२४ पर्यंत सहा महिने मिळाले. त्यानंतर नियम एकच: प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत नोंदणी. ज्यांची मुदत हुकली असेल त्यांनी बिलावरची तारीख पुढे-मागे करू नये. खोट्या तारखेने साध्या उशिराचं रूपांतर बनावट कागदपत्रात होतं. खरी तारीख लिहून वनखात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पात्रता म्हटलं की आपल्याला उत्पन्नाचा दाखला आठवतो, रहिवासी दाखला आठवतो. इथे मुख्य तपासणी होते ती प्राण्याच्या उगमाची. तो कुठून आला, कोणी आणला आणि त्याचा माग कागदावर लागतो का? आयात केलेला असेल तर निर्यात करणाऱ्या देशाचा साइटिस परवाना, विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात परवाना आणि पशु विलगीकरण केंद्राची कागदपत्रं असायला हवीत. आयातीच्या परवान्याआधी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं ना-हरकत पत्र लागतं. इथेच जन्मलेला असेल तर आई-बापांची नोंदणी आणि जन्माची नोंद मागा. दुसऱ्या पाळणाऱ्याकडून घेतला असेल तर त्याच्या नावावरचं नोंदणीपत्र आणि हस्तांतराची नोंद मागा. २०२० मध्ये केंद्राने परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची सवलत दिली होती. त्या वेळचं प्रमाणपत्र असेल तर तेही फाइलमध्ये ठेवा.

साइटिस परवान्यावर एक अक्षर असतं, त्याकडे सहसा कोणी बघत नाही. ‘डब्ल्यू’ म्हणजे जंगलातून पकडलेला, ‘आर’ म्हणजे जंगलातली अंडी किंवा पिल्लं आणून वाढवलेला, ‘सी’ म्हणजे बंदिवासात पैदास झालेला. सॅव्हाना मॉनिटरांचा मोठा व्यापार घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकी देशांतून होतो, आणि पहिल्या दोन प्रकारांची पिल्लं त्यात भरपूर असतात. अशा पिल्लांच्या पोटात जंत असण्याची शक्यता जास्त, प्रवासाचा ताणही खूप. माझं स्पष्ट मत आहे की ‘सी’ नसलेलं पिल्लू घेऊच नये, कायद्याला ते चालत असलं तरी.

अर्ज कसा करायचा

अर्ज पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश २.०’ या पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्रात त्यांचं कार्यालय नागपूरला आहे, पण त्यासाठी नागपूरची वारी करायची गरज नाही. स्वतःच्या मोबाइल क्रमांकाने खातं उघडा. गावच्या सायबरवाल्याच्या क्रमांकाने उघडलेल्या खात्याचा ओटीपी पुढे कधीच मिळत नाही, आणि या पोर्टलवर पुन्हा पुन्हा यावं लागणार आहे.

अर्जाला बसण्यापूर्वी हे जवळ ठेवा: ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, उगमाची वर सांगितलेली कागदपत्रं, खरेदीची पावती किंवा भेटीचं पत्र, प्राण्याचे अंगावरच्या खुणा दिसतील असे दोन्ही बाजूंचे फोटो, मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक, पशुवैद्यकाने दिलेलं आरोग्य प्रमाणपत्र आणि ठेवण्याच्या जागेचे मापांसह फोटो. जातीच्या नावाच्या रकान्यात शास्त्रीय नाव लिहा. सॅव्हाना मॉनिटरचं नाव वरानस एक्झान्थेमॅटिकस. आपल्या घोरपडीचं वरानस बेंगालेन्सिस. बिलावर नुसतं ‘मॉनिटर’ लिहिलेलं असेल तर विक्रेत्याकडून दुरुस्त करून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडकेल. पोर्टलवर दाखवलेलं शुल्क भरून पावती जपून ठेवा. वनखात्याचे कर्मचारी पाहणीला आले तर पिंजरा आणि मूळ कागद दोन्ही दाखवता आले पाहिजेत.

जागा: पहिल्या दिवसापासून मोठ्या सरड्याचा विचार

हातभर पेटीत मावणारं पिल्लू तीन ते चार फुटांचं होतं आणि नीट सांभाळलं तर दहा वर्षांहून अधिक जगतं. पूर्ण वाढलेल्या सॅव्हानाला निदान आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच बंदिस्त जागा लागते. ही जागा घरात कुठे करणार हे आधी ठरवा. पडवीत ठेवायचा विचार असेल तर मांजर, मुंगूस आणि पावसाचा झोत, तिन्हींचा बंदोबस्त हवा.

तळाला माती हवी, टाइल किंवा वर्तमानपत्र चालणार नाही. हा उकरून बीळ करणारा सरडा आहे. माती आणि वाळू मिसळून पिल्लासाठी वीतभराहून खोल आणि मोठ्यासाठी दोन फूट थर द्या. आपली लाल माती चाळून चांगली चालते, मात्र खत किंवा कीटकनाशक पडलेल्या बागेतली नको. माती मुठीत दाबली तर गोळा राहील पण पाणी सुटणार नाही, इतपत ओली ठेवा. बिळात दमटपणा राहिला नाही की कात नीट सुटत नाही. बोटांच्या टोकाला कातीची पातळ कडी राहते, सुकत जाऊन दोऱ्यासारखी आवळते आणि काही दिवसांत ते बोटच काळं पडतं. दर कातीनंतर वीसही बोटं आणि शेपटीचं टोक भिंगाखाली बघा. कडी दिसली तर कोमट पाण्यात भिजवून हलकेच सोडवा, ओढू नका.

ऊन घ्यायच्या जागेचा पृष्ठभाग ५० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला पाहिजे आणि दुसऱ्या टोकाला २६ ते २८ अंशांचा गारवा हवा. कोकणात उकाडा असतो म्हणून दिवा नको, हा समज चुकीचा आहे. ऑक्टोबरच्या तापातही खोलीतली हवा ३५ च्या आसपास असते, तापलेल्या कातळासारखी नसते. हा फरक कळायला पृष्ठभागाचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक घ्या. अतिनील किरणांचा दिवाही हवा. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ते उपयोगी किरण जवळपास उरत नाहीत. पावसाळ्यात वीज गेली तर काय करायचं, याची सोय आधी करा. तापणारा दिवा इन्व्हर्टरवर फार वेळ टिकत नाही, पण जाड मातीचा थर आणि बीळ बराच वेळ ऊब धरून ठेवतात. वीज नसताना खायला घालू नका. ऊब मिळाली नाही तर पोटातलं पचत नाही.

खाणं

पिल्लाला रोज खायला लागतं आणि ते मुख्यतः किडे: पैदास केलेले रातकिडे, डुबिया झुरळं, अळ्या. तुकडा त्याच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा नसावा. वर कॅल्शियमची पूड भुरभुरा. घरातली झुरळं देऊ नका, ती कुठल्या फवाऱ्यातून आली ते कळत नाही. शेतातल्या गोगलगायीही नकोत, त्यांच्यासाठी टाकलेलं विषारी औषध त्यांच्या अंगात असू शकतं आणि परजीवीही असतात. बेडूक-भेक तर अजिबात नको, भेकाच्या कातडीत विष असतं. अधूनमधून उकडलेलं अंडं, कवचासकट छोटी कोळंबी चालते. खारवलेली सुकी मासळी नको.

मॉनिटर म्हटलं की लोकांना उंदीर आठवतो. सॅव्हाना मूळचा किडे-गोगलगायी खाणारा. सारखे उंदीर, कोंबडीचा खिमा, कुत्र्याचं खाणं दिलं की तो झटपट गुबगुबीत होतो, लोक कौतुक करतात आणि आत यकृतावर चरबी चढत जाते. पोट जमिनीला घासायला लागलं किंवा शेपटीच्या मुळाशी गादी दिसायला लागली, की खाणं कमी आणि जागा जास्त हवी. मोठा झाल्यावर आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरतं. अंग बुडेल एवढं पाण्याचं भांडं रोज बदला. त्याला किंवा त्याच्या भांड्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, साल्मोनेला जंतू सरड्यांच्या विष्ठेतून येतात. घरात लहान मूल असेल तर हे काम मोठ्यांनीच करावं.

नोंदणीनंतर

नोंदणी झाली की काम संपलं असं नाही. पिल्लं झाली, सरडा दुसऱ्याला दिला किंवा मेला, तर तेही कळवावं लागतं. नव्या मालकाच्या नावाने नोंद झाल्याशिवाय प्राणी हातात देऊ नका, पैसे घेतले नसले तरी. मायक्रोचिप किंवा ओळखखूण काढणं, पुसणं कायद्याने मना आहे. मेला तर पुरण्याआधी पशुवैद्यकाला दाखवून कारण लेखी घ्या.

आणि सांभाळणं जमेनासं झालं तर त्याला रानात सोडू नका. आफ्रिकेतला सरडा इथल्या पावसात बहुधा कुढून मरेल, आणि तगला तरी त्याच्या अंगातले परजीवी आपल्या घोरपडींपर्यंत पोचू शकतात. परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, नोंदणीपत्राची मूळ प्रत सोबत न्या, आणि प्राणी ताब्यात घेतल्याची शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.