आधी स्वतःचा मास्क का?

मांडीवर लेकरू असलेल्या आईला विमानातली एक सूचना पटणं अवघडच: आधी स्वतःचा ऑक्सिजन मास्क लावा, मग मुलाचा. पण मूल वाचवण्याचा खात्रीचा मार्ग हाच आहे.

३५,००० फुटांवरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव उरतो. एवढ्या कमी दाबात ऑक्सिजन फुप्फुसांतून रक्तात शिरत नाही, उलट रक्तातलाच बाहेर पडू लागतो. म्हणून केबिनमध्ये दाब राखतात. आतली हवा फार तर ८,००० फुटांवर असावी इतकीच विरळ होऊ देतात, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरच्या हवेपेक्षाही विरळ. हा दाब अचानक गेला तर भान टिकतं साधारण ३० ते ६० सेकंद.

आणि या सेकंदांत गुदमरल्यासारखं वाटतच नाही! श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो तो मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. इथे तो उच्छ्वासावाटे नेहमीसारखा निघून जातो, त्यामुळे शरीर धोक्याची घंटा वाजवतच नाही. काहींना तर उगाच छान वाटतं. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिऑस या सायप्रसच्या कंपनीच्या विमानात केबिनचा दाब राखला गेलाच नाही. इशाऱ्याचा भोंगा वाजला, वैमानिकांनी त्याचा अर्थ वेगळाच लावला, जमिनीवरच्या माणसांशी बोलता बोलता त्यांची शुद्ध हरपली. अथेन्सजवळ विमान कोसळून १२१ जण गेले.

मुलाच्या मास्कचा पट्टा नीट करता करता आईचे हात असेच ढिले पडू शकतात, आणि मग दोघांनाही कोणी नाही. ती शुद्धीवर राहिली तर क्षणभर मलूल झालेलं मूलही ऑक्सिजन मिळताच सावरतं.

मास्क लोंबकळू लागला की तो स्वतःकडे जोरात ओढायचा. बऱ्याच विमानांत या ओढण्यानेच डोक्यावरच्या डबीतली पिन निघते, आतलं सोडियम क्लोरेट नावाचं रसायन तापतं आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. जळका वास आला तर घाबरू नका, डबी तापल्याचा तो वास असतो. मास्कला जोडलेली पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. हा पुरवठा साधारण १२ ते १५ मिनिटं चालतो आणि तेवढ्यात वैमानिक विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणतात.

एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीच्या एका विमानाचं इंजिन हवेत निकामी झालं, खिडकी फुटली, मास्क खाली आले. आतल्या छायाचित्रांत बरेच प्रवासी मास्क नुसता तोंडावर धरून बसलेले दिसतात. नाक उघडं राहिलं तर श्वासात तीच विरळ हवा मिसळते. मास्कने नाक आणि तोंड दोन्ही झाकायला हवीत.