वाळूज ते बिडकीन: मराठवाड्यातील कारखानदारीची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात एखाद्या मोठ्या प्रकल्पाची घोषणा झाली, की गुंतवणुकीचा आकडा वर्तमानपत्रांच्या मथळ्यात जातो. स्थानिक लघुउद्योजक मात्र पाणी कुठून येणार, वीज कोणत्या दराने मिळणार आणि सुटे भाग इथून घेतले जाणार की बाहेरून, हे आधी विचारतो. या सावधपणाला सुमारे साठ वर्षांचा इतिहास आहे.

निजामाच्या राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झालेल्या मराठवाड्यात तेव्हा काही कापड गिरण्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि हातमाग एवढीच काय ती कारखानदारी होती. १९५३च्या नागपूर कराराने मागास भागांना विकासात न्याय्य वाटा देण्याचे मान्य केले आणि १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३७१(२) या कलमात त्यासाठी वैधानिक विकास मंडळांची तरतूद झाली. प्रत्यक्षात ही मंडळे १९९४ साली, म्हणजे तरतुदीनंतर तब्बल ३८ वर्षांनी, स्थापन झाली.

दरम्यान राज्य सरकारने उद्योगांसाठी वेगळी वाट धरली होती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना आली. मुंबई-ठाणे-पुण्यात दाटलेली कारखानदारी बाहेर न्यायची, हा तिचा हेतू होता. महामंडळाने जमीन, रस्ता व पाणी द्यायचे आणि योजनेने कराचा भार हलका करायचा, अशी ही विभागणी होती. विक्रीकराची सवलत मिळालेल्या उद्योजकाच्या हातात तेवढे भांडवल खेळते राहत असे. पुढच्या योजनांमध्ये कर आधी भरायचा आणि परतावा नंतर मिळवायचा, ही पद्धत रुळली. कागदावर दोन्हींची रक्कम सारखी दिसू शकते, परंतु परतावा सरकारी तिजोरीच्या सोयीने येतो आणि कर्जाचा हप्ता बँकेच्या तारखेला जातो, हे ज्याने कारखाना चालवला त्याला सांगावे लागत नाही.

औरंगाबादला (शहराचे तेव्हाचे नाव) या धोरणाचा सर्वाधिक लाभ झाला. आधी चिकलठाण्याची वसाहत उभी राहिली, पण शहराचे रूप खऱ्या अर्थाने बदलले ते १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यावर. या मोठ्या कारखान्यामागे प्रेसिंग, मशिनिंग, रबर आणि रंगकाम करणाऱ्या लहान शेड उभ्या राहिल्या. इथल्या कारागिराने पुण्याच्या तोडीचे काम द्यायला सुरुवात केली, आणि ते सुद्धा अशा काळात, जेव्हा मनमाडहून येणारा रेल्वेमार्ग मीटरगेज होता व मालाची चढउतार मनमाडलाच करावी लागे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला शहरापर्यंत ब्रॉडगेज रेल्वेमार्ग आला आणि ही अडचण सुटली.

एका मोठ्या खरेदीदारावर उभे राहिलेले हे जाळे जितके बळकट, तितकेच नाजूकही होते. कंपनीकडून येणारे महिन्याचे शेड्यूल वाढले की तिसरी पाळी सुरू होते आणि ते कापले गेले की पहिला फटका जॉबवर्क, म्हणजे मोठ्या कारखान्याचे काम ठेक्याने करून देणाऱ्याला बसतो. ग्राहक स्कूटरकडून मोटारसायकलकडे वळला तेव्हा आणि पुढे २००८च्या जागतिक मंदीत वाहनांची मागणी घटली तेव्हा, साचे व यंत्रे बदलायला कर्ज काढावे की थांबावे, हा पेच प्रत्येक शेडमध्ये होता.

अनुशेषाच्या, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांच्या तुटीच्या, राजकारणात कारखानदारीची ही बाजू फारशी आलीच नाही. वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष मोजला. परंतु रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा ज्या नऊ क्षेत्रांचा तो हिशेब होता, त्यांत कारखानदारी नव्हती. शिवाय समितीने जिल्हा हे एकक धरल्यामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या (विदर्भ व मराठवाडा वगळून राहिलेल्या भागाच्या) वाट्यालाही मोठा अनुशेष आला आणि वाद पेटला. २०१३च्या विजय केळकर समितीने पाणी व प्रादेशिक समतोलाचा पुन्हा विचार केला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि लगेच वाढवली गेली नाही.

त्याच सुमाराच्या दोन घटनांनी उद्योजकांच्या मनातील धास्ती उघड केली. २०१६च्या दुष्काळात जायकवाडी धरणाचा साठा आटल्यावर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात मोठी कपात करायला सांगितले आणि इतर कारखान्यांनाही कमी कपातीची झळ लागली. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम हवा, याविषयी दुमत नव्हते. परंतु पाणी सलग किती वर्षे मिळेल, याची खात्री भूखंडाच्या करारातून मिळत नाही, हे तेव्हा सर्वांना कळले. ९ ऑगस्ट २०१८ रोजी बंददरम्यान वाळूजमधील अनेक कारखान्यांची मोडतोड झाली. यंत्रांचे नुकसान विम्याने बऱ्याच अंशी भरून निघते, बाहेरच्या गुंतवणूकदाराच्या मनातला प्रश्न मात्र तसा भरून निघत नाही.

शेजारच्या जालन्यात पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांचा नफा विजेच्या दरावर ठरतो. त्यामुळे २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्यातील उद्योगांना मिळालेली वीजदर सवलत तिथे जीवनमरणाची बाब बनली आणि ती चालू राहील की नाही, या नुसत्या चर्चेनेही विस्तार लांबणीवर पडत.

दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील शेंद्रा-बिडकीन क्षेत्र, म्हणजे ‘ऑरिक’, सुमारे दहा हजार एकरांवर आखले आहे. शेंद्र्याला कोरियाच्या ह्योसंगचा धाग्यांचा कारखाना उभा राहिला, आणि डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटरने सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी राज्याशी सामंजस्य करार केला. हा प्रकल्प हायब्रिड व विजेवरच्या गाड्यांचा असल्यामुळे, वाळूजमध्ये इंजिनाचे सुटे भाग करणारे लघुउद्योजक सध्या त्या गाड्यांत पिस्टन, गिअर आणि व्हॉल्व्ह किती लागतील, याची चौकशी करत आहेत.