गरजू मुलाचे प्रायोजकत्व : कोकणातील ख्रिस्ती कुटुंबांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

प्रायश्चित्तकाळ (ईस्टरपूर्वीचा उपवासाचा काळ) सुरू झाला की सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या भागांतील पॅरिशमध्ये एक विचारणा हमखास होते. उपवासातून वाचलेले पैसे दानपेटीत टाकण्याबरोबरच एखाद्या गरीब मुलाच्या शिक्षणाचा आणि पोटापाण्याचा भार आम्हाला उचलता येईल का, आणि येत असेल तर त्यासाठी नेमके कोणाकडे जावे? गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या कामानिमित्त मी घरोघरी जाते, आणि देणाऱ्यांकडून हा प्रश्न जितक्या वेळा ऐकते, तितक्याच वेळा गरजू आयांकडून त्याची दुसरी बाजू ऐकते : मुलासाठी सरकारकडून काही मिळते असे ऐकले आहे, पण अर्ज कुठे करायचा ते कोणी सांगत नाही. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच कार्यालयाच्या, म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या दाराशी मिळते, म्हणून ते एकत्र लिहीत आहे.

आधी शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. आपल्याकडे एखाद्याने मुलाची फी भरली की 'मूल दत्तक घेतले' असे सहज म्हटले जाते. कायद्याच्या भाषेत दत्तक म्हणजे मूल कायमचे दुसऱ्या कुटुंबाचे होणे. प्रतिपालकत्व म्हणजे ते काही काळ दुसऱ्या कुटुंबात राहणे. आणि प्रायोजकत्व म्हणजे मूल आपल्याच घरी, आपल्याच माणसांत राहते आणि त्याच्या शिक्षणासाठी, आहारासाठी किंवा औषधपाण्यासाठी कुटुंबाला आर्थिक आधार मिळतो. हा फरक केवळ शब्दांचा नाही. अनाथ, सोडून दिलेले किंवा पालकांनी स्वाधीन केलेले मूल कायदेशीर प्रक्रियेशिवाय दत्तक देणे किंवा घेणे हा बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८० प्रमाणे गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चांगल्या हेतूने 'मुलीला आमच्याकडे पाठवा, आम्ही शिकवू' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. माझ्या मते याकोबाच्या पत्रात अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेण्यास जे सांगितले आहे, त्याचा सरळ अर्थच असा की आपण त्यांच्या घरी जायचे; त्यांचे मूल आपल्या घरी आणायचे नाही.

दूरच्या माणसाने ठरावीक रक्कम देऊन मुलांच्या शिक्षणाचा भार उचलण्याची रीत महाराष्ट्रातील ख्रिस्ती कार्याला नवी नाही. पंडिता रमाबाईंसाठी डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे जी संस्था स्थापन झाली, तिच्या ठिकठिकाणच्या मंडळांतील सभासदांनी वर्षाला किमान एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षे देण्याचे वचन दिले होते, आणि त्या आधारावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी व मुलींसाठी शारदा सदन ही निवासी शाळा उघडली. पुढे विसाव्या शतकात एका दात्याने एका मुलाचा भार उचलण्याची पद्धत मोठ्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती संस्थांनी रूढ केली. त्यांपैकी १९५२ मध्ये सुरू झालेल्या कम्पॅशन इंटरनॅशनलच्या निधीवर केंद्र सरकारने पूर्वपरवानगीची अट घातल्यानंतर तिने मार्च २०१७ मध्ये भारतातील काम बंद केले आणि सुमारे १,४५,००० मुलांचा आधार थांबला. तेव्हापासून मला मनापासून असे वाटत आले आहे की आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांचा भार प्रथम आपल्याच किनाऱ्यावरच्या कुटुंबांनी उचलला पाहिजे.

कोणते मूल पात्र ठरते

बालन्याय अधिनियमाचे कलम ४५ प्रायोजकत्वासंबंधी आहे. आई विधवा, घटस्फोटित किंवा कुटुंबाने टाकलेली असणे, मूल अनाथ असून आजी-आजोबा, काका, मामा अशा नातेवाइकांकडे राहत असणे, आई किंवा वडील जिवावर बेतणाऱ्या आजाराने ग्रस्त असणे, अथवा अपघातामुळे ते मुलाचा सांभाळ करण्यास असमर्थ झालेले असणे, या परिस्थिती त्यात नमूद आहेत. मुलाचा किंवा कुटुंबाचा धर्म, जात यांचा कोठेही संबंध नाही, आणि पॅरिशने किंवा मंडळीने शोधून दिलेल्या मुलांनाही हीच कसोटी लागते.

प्रत्यक्षात महाराष्ट्रात दोन योजना समोर येतात. पहिली क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. तिच्यात १८ वर्षांखालील पात्र मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. दुसरी केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतील प्रायोजकत्व. तिच्यात दरमहा ४,००० रुपये मिळतात आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० रुपयांपेक्षा व इतरत्र ९६,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे लागते. या दोहोंपैकी आपल्या परिस्थितीला कोणती लागू होते, हे अर्ज भरण्यापूर्वीच जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून घ्यावे, म्हणजे दोन ठिकाणी अर्ज करून दोन्हीकडे खोळंबा होत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा हा कक्ष ओरोस येथे, म्हणजे सिंधुदुर्गनगरीत आहे. रायगडसाठी अलिबाग, रत्नागिरीसाठी रत्नागिरी आणि वसईकरांसाठी पालघर येथे जावे लागते.

कागदपत्रे

अर्जासोबत सामान्यतः मुलाचे व पालकाचे आधार कार्ड, मुलाच्या जन्माचा दाखला, शाळेचा बोनाफाईड दाखला, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, दिवंगत पालकाचा मृत्यूचा दाखला (किंवा घटस्फोट, आजारपण, अपंगत्व यांचा संबंधित कागद) आणि घरासमोर उभे राहून काढलेला पालक व मुलाचा एकत्र फोटो मागितला जातो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात किंवा 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज करता येतो. यादी एवढीच असली, तरी आपल्या भागात अर्ज अडतात ते काही ठरावीक जागी, म्हणून त्या जागांविषयी थोडे अधिक लिहिते.

पहिली अडचण आडनावांची. एका काजू कारखान्यात बिया फोडणाऱ्या बाईंचा अर्ज मी स्वतः भरून दिला होता. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून ओट्यावर मांडला, तेव्हा लक्षात आले की मुलाच्या आधारवर 'डिसोजा', शाळेच्या दाखल्यावर 'डिसोझा' आणि वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'डिसुझा' असे लिहिलेले आहे. मी ते क्षुल्लक समजून अर्ज तसाच दिला आणि तो परत आला. त्या चुकीमुळे त्या कुटुंबाचे चार महिने गेले, याचे मला आजही वाईट वाटते. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोबो अशी आडनावे मराठीत आणि इंग्रजीत वेगवेगळ्या अक्षरांत लिहिली जातात, त्यामुळे सर्व कागद एकमेकांशेजारी ठेवून प्रत्येक अक्षर ताडून पाहावे आणि फरक असल्यास अर्जापूर्वीच दुरुस्ती करावी. आधारचे काम पुन्हा त्याच बाईंच्या बाबतीत अडले. बियांच्या टरफलातील तेलाने त्यांच्या बोटांची कातडी इतकी सोलली होती की यंत्र ठसे घेईना. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवता येते, तशी मागणी केंद्रात स्पष्टपणे करावी.

दुसरी अडचण बाप्तिस्म्याच्या दाखल्याची. जुन्या घरांतून आजही जन्माचा पुरावा म्हणून चर्चचा दाखला पुढे केला जातो. तो आपल्यासाठी पवित्र आहे, पण जन्मनोंदणीचा दाखला म्हणून चालत नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारीख व जन्मस्थळ सिद्ध करण्यास जन्मनोंदणीचाच दाखला लागतो. नोंदणी राहून गेली असेल, तर विलंबाने नोंदणी करण्याची रीत आहे आणि ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विचारावी.

तिसरी अडचण मृत्यूच्या दाखल्याची, आणि ती खास कोकणची आहे. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. कर्ता माणूस मुंबईत नोकरीला असताना वारला असेल, तर गावच्या ग्रामपंचायतीत खेपा घालून उपयोग नाही, दाखला मुंबईतून आणावा लागतो. याहून कठीण प्रसंग म्हणजे खलाशी समुद्रात बेपत्ता होतो आणि मृतदेह हाती लागत नाही. मृत्यू गृहीत धरण्यासाठी कायद्यात सात वर्षांची मुदत आहे, आणि तोवर मुलांनी उपाशी राहायचे काय, असा प्रश्न त्या घरातील आई विचारते. तिने पोलीस ठाण्यातील बेपत्ता असल्याच्या तक्रारीची प्रत, मच्छीमार सहकारी सोसायटीचे व ग्रामपंचायतीचे पत्र जोडावे आणि आपण एकट्या मुलांचा सांभाळ करत आहोत, ही परिस्थिती बाल कल्याण समितीपुढे (गरजू मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे) मांडावी. दाखला नाही म्हणून अर्जच करायचा नाही, असे तिने स्वतःहून ठरवू नये.

चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुरासारख्या आपत्तीत कागद भिजून गेलेल्यांनी मूळ कार्यालयातून दुसऱ्या प्रती काढून घ्याव्यात, आणि सर्व प्रतींचा एक संच नातेवाइकांकडे ठेवावा.

अर्जानंतर काय होते

अर्ज दाखल झाल्यावर कर्मचारी घरी येऊन चौकशी करतात आणि सामाजिक तपासणी अहवाल तयार करतात. या भेटीला घाबरण्याचे कारण नाही, आणि त्या दिवशी घर सजवून ठेवण्याचेही नाही. आहे ते आहे तसे दाखवावे. बालसंगोपन योजनेत मूल व पालक यांना बाल कल्याण समितीपुढे हजर राहावे लागते, तर मिशन वात्सल्यमध्ये जिल्हास्तरीय मान्यता समिती निर्णय घेते. मंजुरीनंतर रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. तिच्यासाठी कोणत्याही मध्यस्थाला काही देणे लागत नाही. मुलाने शाळा सोडली किंवा त्याची हजेरी सतत कमी राहिली, तर लाभ थांबू शकतो, म्हणून आजारपणामुळे खाडा झाल्यास डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी.

मदत देऊ इच्छिणाऱ्यांसाठी

मिशन वात्सल्यमध्ये खासगी प्रायोजकत्वाचीही तरतूद आहे. व्यक्ती, बँक, कंपनी किंवा संस्था जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी संपर्क साधून एका मुलाचा, मुलांच्या गटाचा किंवा बालगृहाचा भार उचलू शकते. कायद्यात व्यक्तीने व्यक्तीला, गटाने आणि समुदायाने करावयाचे प्रायोजकत्व असे तिन्ही प्रकार सांगितले आहेत, त्यामुळे पॅरिशमधील दहा कुटुंबांनी मिळून एका मुलाची जबाबदारी घेणेही त्यात बसते. मला हा मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण एका घराची नोकरी गेली तरी मुलाची फी थांबत नाही. अर्जात आपली ओळख, पत्ता, पॅन, दरमहा किती रक्कम आणि किती वर्षे देणार, हे स्पष्ट लिहावे. जेवढे निभावता येईल तेवढेच लिहावे; सहाव्या महिन्यात हात आखडता घेणारा दाता मुलाला न देणाऱ्यापेक्षा अधिक दुखावतो.

नोंदणीकृत ट्रस्टमार्फत देणगी देणाऱ्यांनी ट्रस्टची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील नोंदणी आणि वार्षिक लेखापरीक्षण पाहावे. प्राप्तिकरात वजावट हवी असल्यास ट्रस्टला तशी मान्यता असावी लागते, दाता जुन्या करप्रणालीत असावा लागतो आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीवर वजावट मिळत नाही.

आखातात नोकरीला असलेल्या आपल्या मुलांचा प्रश्न यात वारंवार येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेली देणगी विदेशी देणगी ठरत नाही. संस्थेने पासपोर्टची प्रत मात्र नोंदीस ठेवावी. ज्या नातेवाइकांनी पोर्तुगालचे, इंग्लंडचे किंवा कॅनडाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी विदेशी देणगीच असते, मग ते मूळचे वेंगुर्ल्याचे का असेनात. विदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही, आणि नोंदणी असलेल्या संस्थेलाही ती प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच घ्यावी लागते. चर्चच्या साध्या खात्यात असे पैसे आले, तर अडचणीत फादर आणि विश्वस्त येतात.

मुलाची ओळख आणि मदतीची अट

मदतीच्या बदल्यात मुलाने किंवा कुटुंबाने मिस्सेला (चर्चमधील उपासनेला) यावे, धर्मशिक्षणाला बसावे अशी कोणतीही अट घालू नये, सुचवूही नये. ज्या मुलाची फी आपण भरतो ते हिंदू, मुसलमान, बौद्ध किंवा ख्रिस्ती यांपैकी कोणीही असो, त्याच्या घरची प्रार्थना त्याच्या घरचीच राहिली पाहिजे.

मुलाचे नाव, शाळा, पत्ता किंवा फोटो चर्चच्या फलकावर, पत्रकात अथवा व्हॉट्सॲप गटात टाकू नये. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड केल्यास बालन्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दान करताना उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, असे प्रभूने सांगितले आहे. मुलाच्या बाबतीत ते अक्षरशः पाळायचे आहे, कारण त्याला उद्या त्याच गावात, त्याच वर्गात मान वर करून बसायचे असते. मुलाला पत्र लिहायचे असल्यास किंवा भेटायचे असल्यास ते कक्षामार्फत किंवा संस्थेमार्फत, पालकाच्या संमतीने आणि कोणीतरी जबाबदार मोठे माणूस हजर असतानाच करावे. एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचा किंवा ते निराधार पडल्याचा संशय आल्यास अर्जाची वाट न पाहता १०९८ या चाइल्ड हेल्पलाइन क्रमांकावर कळवावे.

मंजूर झालेल्या मदतीचा ठरावीक काळाने आढावा घेतला जातो, त्यासाठी दरवर्षी नवा बोनाफाईड दाखला आणि उत्पन्नाचा दाखला जूनमध्ये, शाळा सुरू होताच काढून ठेवावा. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर दोन्ही योजनांचा लाभ थांबतो. बारावीचे वर्ष बहुधा त्याच सुमारास येते, तेव्हा खासगी प्रायोजकांनी कॉलेजच्या किंवा आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या फीची तजवीज आधीच्या वर्षापासून करून ठेवावी आणि तसे त्या घरी जाऊन सांगावे.