नगरी मोडून देसा: पश्चिम सुमात्रा आणि मेंतावाईतल्या दूरच्या गावांची पार्श्वभूमी

इंडोनेशियात खेड्याला ‘देसा’ म्हणतात. शब्द आपल्याच ‘देश’चा. गावाचा प्रमुख तो ‘कपाला देसा’, यातला कपाला म्हणजे कपाळ-कपालातला. जिल्ह्याचा प्रमुख ‘बुपाती’, म्हणजे भूपती. मराठी कानाला हे सगळं ओळखीचं वाटतं आणि तिथेच फसगत होते. देसा हा जावातला शब्द आणि जावातलीच रचना. बाकीच्या बेटांवर ती कायद्याने बसवली गेली, आणि दूरच्या गावांचे आजचे बरेचसे प्रश्न या बसवण्यातून आलेले आहेत.

डचांनी हा घोळ केला नव्हता. जावा-मदुरा बेटांच्या खेड्यांसाठी त्यांनी १९०६ साली एक कायदा केला, बाहेरच्या बेटांसाठी १९३८ साली वेगळा. भेद मिटवला तो स्वतंत्र देशाच्या लष्करी राजवटीने, १९७९ च्या ग्रामशासन कायद्यात. सगळीकडे एकच नाव, एकच आराखडा, एकच पदरचना.

याचा फटका पश्चिम सुमात्रात सगळ्यात स्पष्ट दिसतो. तिथल्या मिनांगकाबाऊ लोकांच्या मुख्य भूभागावर गावाला ‘नागारी’ म्हणतात, म्हणजे नगरी. नागारीत अनेक वाड्या, त्यांना ‘जोरोंग’ म्हणतात. मशीद, बाजार, सभागृह आणि ‘उलायात’ ही सामाईक जमीन मात्र सगळ्यांची मिळून एक. घरची जमीन आईकडून मुलीकडे जाते, तिच्या तंट्यांचा निवाडा कुळांचे प्रमुख करतात. १९७९ नंतर प्रश्न आला की कायद्यातला देसा म्हणजे नागारी की जोरोंग?

निर्णय पैशाने झाला. १९६९ पासून केंद्र सरकार दर देसाला सारखंच अनुदान देत होतं, सुरुवातीला १ लाख रुपिया. गाव मोठं असो वा लहान, रक्कम तीच. नागारीला देसा मानलं असतं तर प्रांताला ५४३ अनुदानं मिळाली असती. जोरोंगला देसा मानलं की आकडा तीन हजारांच्या वर जात होता. १९८३ साली प्रांताने दुसरा हिशोब पत्करला. हिशोब म्हणून तो चुकीचा नव्हता, पण एका नगरीचे पाच-सहा ‘देश’ झाले. बाजाराचं उत्पन्न कोणाचं, मशिदीची दुरुस्ती कोणी करायची, जंगलाची हद्द कुठे, यावर शेजारी वाड्या भांडू लागल्या. श्रमदानाला पूर्वी सगळी नागारी लोटायची, आता हद्दीपलीकडची माणसं येईनात. त्या चिमुकल्या देसांना कारकून मिळेना आणि प्रमुखपदाला लायक उमेदवारही मिळेना. पुढे कित्येक देसा परत जोडून आकडा खाली आणावा लागला. १९९९ साली १९७९ चा कायदा रद्द झाला आणि २००० साली प्रांताने नागारी परत आणली. तेव्हाची घोषणा होती ‘बाबालियाक का नागारी’, परत नगरीकडे.

याच प्रांताच्या पश्चिमेला, पादांग बंदरापासून फेरीबोटीने रात्रभराच्या अंतरावर, मेंतावाई द्वीपसमूह आहे: सिबेरुत, सिपोरा, उत्तर आणि दक्षिण पागाई. इथे ना देसा होता ना नागारी. एकेका कुळाचं ‘उमा’ नावाचं लांबलचक सामाईक घर नदीकाठी, दोन उमांमध्ये भरपूर जंगल. साबुदाण्याच्या झाडाचा, म्हणजे सागोचा, गाभा किसून पाण्यात तुडवायचा, खाली बसलेलं पीठ पानांच्या गुंडाळ्यांत भरून ठेवायचं. डुकरं मोकळी. १९७० च्या दशकापासून सरकारने या विखुरलेल्या कुळांना नदीच्या मुखाजवळ, रांगेतल्या लाकडी घरांत आणलं. डुकरं वस्तीबाहेर ठेवायची, असा नियम. डुकरांना आणि सागोला रोज पाहावं लागतं, मग माणसं आठवड्यातले काही दिवस रानातल्या खोपटातच राहू लागली. नकाशावरचं गाव निम्मा वेळ रिकामं असतं ते यामुळे. शाळेची हजेरी आणि दवाखान्याची वेळ यांचं गणित तिथूनच बिघडतं.

२०१४ च्या ग्राम कायद्याने निधीचा ओघ पालटला. केंद्राचा ग्रामनिधी २०१५ साली सुमारे २०.७ लाख कोटी रुपियांचा होता, २०१९ साली ७० लाख कोटींचा, तो सुमारे ७५ हजार गावांसाठी. वाटपाचं सूत्र मात्र १९६९ च्या जातकुळीचं. सुरुवातीला ९० टक्के रक्कम सगळ्या गावांना समान, उरलेले १० टक्के लोकसंख्या, गरिबी, क्षेत्रफळ आणि दुर्गमता पाहून. २०१८ मध्ये समान हिस्सा ७७ टक्क्यांवर आला, तरी मोजमापाचं एकक गावच राहिलं. २०१९ साली आग्नेय सुलावेसीत माणसंच नसलेल्या गावांच्या नावाने निधी काढल्याचा बोभाटा झाला. सूत्र पाहिलं तर त्यात नवल काही नाही.

मेंतावाईची तक्रार नेमकी उलटी आहे. तिथे गावं कमी आहेत. सुमारे ६ हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात ४३ देसा, आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ८७,६००. म्हणजे गावामागे दोन हजार माणसं, आणि तीही होडीने तासन्‌तास लांब असलेल्या वाड्यांत (इथे वाडीला ‘दुसून’ म्हणतात) पांगलेली. नवं गाव काढायला कायद्यात प्रदेशवार किमान लोकसंख्या ठरली आहे: जावात ६,०००, सुमात्रात ४,०००, देशाच्या पूर्वेकडच्या बेटांवर, म्हणजे पूर्व नुसा तंगारा आणि मालुकूत १,०००, पापुआत ५००. कुटुंबांच्या हिशोबाने सुमात्राची अट ८०० कुटुंबांची. मेंतावाईचं जगणं मालुकूसारखं, पण प्रशासनाच्या लेखी ते सुमात्रा. सरासरी गावाची लोकसंख्या नव्या गावाच्या अटीच्या निम्मी असेल तर विभाजनाचा अर्ज करायचा तरी कसा? मुख्य भूभागावर निधीसाठी नागारी पुन्हा फोडण्याची चढाओढ चालते, आणि खरी गरज असलेल्या बेटांवर दार बंद.

निधी पोचल्यावर तो बहुधा ‘रबात बेतोन’मध्ये, म्हणजे सिमेंटच्या पायवाटेत जातो. १०० मीटर लांब, २ मीटर रुंद, १२ सेंटिमीटर जाड पट्टीला २४ घनमीटर काँक्रीट लागतं. १:२:३ प्रमाणात घनमीटरला सव्वातीनशे किलो सिमेंट धरलं तर ५० किलोची दीडशेहून जास्त पोती, शिवाय वाळू-खडी मिळून ४० टनांवर. हे सगळं फेरीबोटीतून धक्क्यावर, तिथून लहान होडीतून नदीत वर. दमट हवेत पोती आठवड्याभरात गोळे धरतात. नदीची वाळू आणणं परवडत नाही म्हणून किनाऱ्यावरची शिंपल्यांची वाळू घालतात, आणि ती पकड धरत नाही. हप्ता उशिरा आला की वर्षअखेरच्या पावसात ओतकाम करावं लागतं. वरचं सिमेंट वाहून जातं, निसरडी खडी उरते. सांधे सोडले नाहीत, सात दिवस ओल राखली नाही, तर पहिल्याच वर्षी आडव्या भेगा. आणि वाट बहुतेक वेळा धक्क्यापासून गाव कार्यालयापर्यंतच पोचते. लांबच्या दुसूनला पुढच्या वर्षाचं आश्वासन.

२०२० पासून पैसा जिल्ह्याकडे न थांबता गावाच्या खात्यावर जाऊ लागला, ही सुधारणा खरी. पण त्याच साली महामारीची रोख मदत या निधीवर आली, आणि २०२२ मध्ये किमान ४० टक्के रक्कम तिच्यासाठी राखून ठेवणं बंधनकारक झालं. दूरच्या गावाला रोकड हवीच होती, पण जेटी, पाण्याची पाइपलाइन आणि वाटा मागे पडल्या.

२०२० च्या मागास जिल्ह्यांच्या यादीत पश्चिम सुमात्राचा एकच जिल्हा होता, मेंतावाई. लवंग, खोबरं, पाचौली (सुगंधी तेलाची वनस्पती) आणि सुपारी यांचे भाव पादांगचे व्यापारी ठरवतात. लाटांवर सर्फिंग करायला येणारे परदेशी बहुतेक नौकांवर किंवा रिसॉर्टमध्ये राहतात, गावात त्यांचा खर्च थोडा. २०१० च्या ऑक्टोबरमधल्या त्सुनामीत चारशेवर माणसं गेली. त्यानंतर पागाईतल्या अनेक वस्त्या डोंगरावर हलवल्या, नारळाच्या बागा मात्र खाली किनाऱ्यावरच राहिल्या. मोठ्या शाळेसाठी मुलं तालुक्याला किंवा पादांगला जातात आणि पुष्कळशी तिकडेच राहतात.

२०२४ मध्ये ग्राम कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधी गावप्रमुखांनी राजधानीत मोर्चे काढून नऊ वर्षांची मुदत मागितली होती. सहाची आठ झाली. सुमात्रासाठीची ४,००० ची अट तशीच राहिली.