मधला पाय बेसच असतो?

जुन्या रेडिओतून काढलेल्या काळ्या, अर्धगोल ट्रान्झिस्टरचा मधला पाय बेसच (छोट्या करंटने ट्रान्झिस्टर ताब्यात ठेवणारा पाय; उरलेले दोन कलेक्टर आणि एमिटर), ही समजूत खोटी आहे. सपाट बाजू समोर, पाय खाली धरले की डावीकडून बीसी५४७ चा क्रम कलेक्टर-बेस-एमिटर. २एन३९०४ चा नेमका उलटा. जपानी २एससी१८१५ वर (छापलेले असते फक्त सी१८१५) मधला पाय कलेक्टर!

मल्टिमीटर डायोड तपासण्याच्या सेटिंगवर ठेवा. लाल प्रोब ज्या पायावर असताना काळा प्रोब उरलेल्या दोन्हींवर टेकवून ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसते, तो एनपीएनचा (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार; वरचे तिन्ही त्यातलेच) बेस. त्यातला किंचित मोठा आकडा एमिटरचा. फरक मोजक्या मिलिव्होल्टचा आणि बोटांच्या उबेनेही आकडा सरकतो, चिमट्याने धरा. कलेक्टर-एमिटर उलटे लागले तरी सर्किट रडतखडत चालते, फसगत तिथेच होते: गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) पडतो आणि ९ व्होल्टवर बेस-एमिटर जंक्शन (दोघांमधला जोड) ब्रेकडाउनमध्ये जाऊ शकते, म्हणजे त्यातून उलटा करंट वाहू लागतो.